मदत हवी आहे: अर्ली डिसिजनमध्ये 'डिफर', आता ईडी-२ भरावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. लेक बारावीत आहे. १ नोव्हेंबरला एका नावाजलेल्या कॉलेजला अर्ली डिसिजनने (ईडी, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं बंधन) अर्ज केला होता. काल संध्याकाळी ७ ला निकाल लागला. आजी पुण्याहून पहाटे साडेपाचला उठून व्हिडिओ कॉलवर बसली होती, साखरेची वाटी समोर ठेवून! पोर्टल उघडलं तर ना होकार, ना नकार. डिफर. म्हणजे अर्ज आता सगळ्यांबरोबर पुन्हा बघणार आणि मार्चअखेरीस कळवणार. आजीला हे समजावणं निकालापेक्षा अवघड गेलं.

डिफर झाल्यावर ईडीचं बंधन सुटतं, एवढं शाळेच्या काउन्सेलरने सांगितलं. प्रश्न पुढचा आहे. दुसऱ्या पसंतीच्या कॉलेजला ईडी-२, म्हणजे ईडीची दुसरी फेरी, आहे, मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीत. पण तिथे प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यावे लागतील, हे पहिलं कॉलेजसुद्धा. शिवाय वेगवेगळ्या कॉलेजांची आर्थिक मदत ताडून बघता येणार नाही. घरी धाकटाही आहे, त्यामुळे मला ही गोष्ट जास्त खुपते. नवरा म्हणतो, हातचं सोडू नये.

कुणाची मुलं यातून गेली आहेत का? ईडी-२ घेतलं की थांबलात? आणि पहिल्या कॉलेजला 'अजून इथेच यायचंय' असं पत्र लगेच पाठवावं, की सहामाहीचे गुण आल्यावर?

लेक कालपासून खोलीतून फारशी बाहेर आलेली नाही. तिच्याशी काय बोलावं, तेही सांगा.