ते अजून तिथेच आहे, आपल्यालाच जमत नाही: तुमचा अनुभव लिहा

जुना तिवंधेकर

परवा रंगपंचमीला नातवाला घेऊन जुन्या नाशकातल्या तिवंध्याला गेलो होतो. बाहेरगावच्यांसाठी आधी सांगतो. नाशकात रंग धुळवडीला नसतो, पंचमीला असतो. धुळवडीला आमच्याकडे वीरांची मिरवणूक निघते. आणि रंग म्हणजे पिचकाऱ्या-फुगे हा पोरखेळ. खरी ती रहाड. पेशवाईपासूनचे दगडी हौद, जुन्या नाशकात आता मोजकेच उरलेत. वर्षभर वर फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात. वरून रिक्षा जातात, भाजीची गाडी उभी राहते, नवख्याला पायाखाली काय आहे याचा पत्ताही लागत नाही. पंचमी जवळ आली की माती उपसायची, फळ्या काढायच्या, हौद घासून भरायचा, उकळलेला रंग ओतायचा, पूजा करायची. मग धप्पा.

धप्पा म्हणजे नुसती उडी नव्हे. गुडघे पोटाशी घ्यायचे, बूड आधी टेकलं पाहिजे, आणि पाणी काठावरच्या माणसाच्या थेट तोंडावर. तसं झालं नाही तर 'बेडूक पडला' म्हणून हसायचे. मी दिवसाला वीस-वीस धप्पे मारलेत. 1981 साली पंचमीनंतर तिसऱ्या दिवशी बँकेत क्लार्कच्या जागेसाठी मुलाखत होती. तोंड घासून घासून सोललं, पण कानाच्या मागचा रंग काही जाईना. समोरच्या तिघांपैकी एकाने कागदावरून मान वर केली, माझा कान बघितला आणि विचारलं, "कुठली रहाड?" पुढचं त्यांनी फारसं काही विचारलंच नाही. नोकरी लागली.

आता एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत. काठापासून दोन हात लांब उभा होतो. विशीतला एक पोरगा आला, अदबीने हात धरला आणि म्हणाला, "आजोबा, जरा मागे व्हा, भिजाल."

भिजाल म्हणे!

तेव्हापासून डोक्यात एक घोळतंय. टांगे गेले, वाडे पडले, टॉकीजा बंद झाल्या, हे रडगाणं आपण नेहमीच गातो. ते इथे नको. उलट सांगा. अशी एखादी गोष्ट सांगा जी आजही जागच्या जागी आहे, रोज चालू आहे, पण तुम्हालाच आता ती जमत नाही, किंवा तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. नाशिकचीच असावी असा आग्रह आहे, सक्ती नाही.

पासवाला

विषय माझाच काढलात. माझी गोष्ट रोज सकाळी नाशिकरोडवरून सुटते.

पंचवटी एक्सप्रेसने मी 30 वर्षं मुंबईला अपडाऊन केलं. गाडी 1975 सालची, मी तिच्यात चढलो 1986 ला. जेलरोडला घर. पहाटे पाचला उठायचं, डबा घ्यायचा, सायकल स्टँडला टाकायची की थेट आपल्या डब्यात, आपल्या खिडकीपाशी. इगतपुरीला इंजिन बदलायला गाडी थांबायची तेवढ्यात चहा. घाटाआधी पत्त्यांचा पहिला डाव संपलाच पाहिजे, हा नियम. बायका भाज्या निवडायच्या, संक्रांतीला गाडीतच हळदीकुंकू व्हायचं. एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न गाडीतच ठरलं, मुलगा दोन बाकं सोडून बसायचा. घरच्यांपेक्षा त्या डब्यातल्या माणसांना माझी ब्लडप्रेशरची गोळी कुठली ते जास्त माहीत होतं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी पेन्शनच्या एका कागदासाठी मुंबईला जायचं होतं. पाय सवयीने जुन्या डब्यात गेले, बूड सवयीने जुन्या खिडकीशी टेकलं. पंचविशीतला एक मुलगा म्हणाला, "काका, इथे आमचा ग्रुप बसतो."

त्याला काय सांगणार? 'इथे ग्रुप बसतो' हा कायदा त्या डब्यात नव्वदच्या सुमारास ज्यांनी आणला त्यात मी होतो. तेव्हा एका वयस्कर गृहस्थांना मीच उठवलं होतं. काही न बोलता पिशवी उचलून गेले होते. त्यांचा चेहरा तेव्हा पाहिला नव्हता, त्या दिवशी दिसला.

मी दाराशी उभा राहिलो. घाट लागल्यावर त्याच मुलाने हाक मारली. पत्त्यांना एक भिडू कमी होता. खेळलो. पोरं चांगली होती, पण पान टाकायच्या आधी मोबाइल बघायची. आमच्या वेळी एवढ्यात शिव्या पडल्या असत्या.

अजूनही पहाटे पाचला जाग येते. गजर नाही, काही नाही. बायको म्हणते, झोपा, गाडी गेली.

पायरीवरचा

थोडक्यात लिहितो. मे महिना, वसंत व्याख्यानमाला, देवमामलेदारांचं पटांगण. दिवसभर तापलेली घाटाची दगडी पायरी रात्री आठ वाजताही पायजम्यातून गरम लागायची आणि गंगेवरून (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) गार वारा यायचा. खाली शेक, वर गारवा. व्याख्यानातलं निम्मं कळायचं नाही, पण उठावंसं वाटायचं नाही. आता गेलो की मुलगा आधी विचारतो, "खुर्ची आहे का तिथे?" खुर्चीत बसलं की व्याख्यान सगळं कळतं. मजा मात्र येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरून

तिवंधेकर, रागावू नका, पण मी उलट्या बाजूने लिहिणार आहे.

मी 1960 ची. तुमच्याच रहाडीजवळच्या वाड्यातली. आता वाडा नाही, त्याच जागी इमारत आहे आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहते. पंचमीला आम्हा मुलींना दुपारी बारानंतर खाली पाय ठेवायची बंदी. रहाड आम्ही गॅलरीतून बघितली. तुमचे धप्पेही बघितले असतील. वरून सगळे सारखेच पिवळे दिसायचे. एचपीटीला शिकायला होते. कॉलेज सुटलं की सायकल थेट घरी. सूट एकच, सार्वजनिक वाचनालयात पुस्तक बदलायला जायची. वाचनालय 1840 पासूनचं, भरवशाचं, तिथे जायला वडिलांचीही ना नसायची. म्हणून मी मुद्दाम बारीक पुस्तकं घ्यायचे. लवकर संपलं की परवा पुन्हा बाहेर पडता येईल! घरात सगळ्यांना वाटायचं, काय हो पोरीला वाचनाचं वेड. जाड कादंबऱ्या मी लग्नानंतर वाचल्या, बाळंतपणाच्या सुट्टीत.

त्यामुळे 'आमचे दिवस' म्हणून कुणी डोळे मिटले की मला काही आठवत नाही. मला आठवते ती घड्याळाकडे बघत मारलेली सायकल.

सासूबाई गेल्या, मुलं आपापल्या गावी गेली, आणि 56 व्या वर्षी शेजारणीबरोबर पहिल्यांदा ब्रह्मगिरीची फेरी केली. तिसरा श्रावणी सोमवार. त्र्यंबकला रविवारीच रात्री पोचलो, कुशावर्त कुंडावर पाय धुतले आणि अंधारात चालायला लागलो. पाऊस, चिखल, कुणाच्या तरी बॅटरीच्या उजेडात पाऊल टाकायचं. एका ठिकाणी चप्पल चिखलात अडकली ती गेलीच, पुढचं अनवाणी. पहाटे एका टपरीवर कढत चहा घेतला. घड्याळ बघितलं तेव्हा चार वाजले होते. पहाटे चार वाजता मी घराबाहेर होते आणि कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं! शेजारीण म्हणाली, का हसताय? मी म्हटलं, चहा गोड झालाय.

गुडघे माझेही दुखतात हो. पण त्यांना काम लागलंच उशिरा.

तेव्हा तिवंधेकर, काठावरून दोन हात मागे यायचं तुम्हाला एवढं लागलं, पण आम्ही निम्मं गाव पहिल्यापासून तिथेच उभे होतो. साठी ओलांडून तुम्ही गॅलरीत आलात. या, बसा.

सिडको, तिसरी योजना

माझं वय 42. हसू नका, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वडील अंबड एमआयडीसीत, शिफ्टमध्ये. दोन खोल्यांत पाच माणसं, त्यामुळे आम्ही पोरं कायम बाहेर. रविवारी पांडवलेणी. सायकली पायथ्याशी टाकायच्या आणि दोनशेच्या आसपास पायऱ्या न थांबता पळत चढायच्या. शेवटी येईल त्याने सगळ्यांना भेळ द्यायची. मी सहा वर्षांत दोनदाच दिली. वर लेण्यांत काय आहे ते कधी बघितलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी एवढा डोंगर कोरला, त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. थंडगार ओटा होता, पडायला बरा.

गेल्या दिवाळीत मुलीला घेऊन गेलो. तीन ठिकाणी थांबलो. पहिल्या वेळी बुटाची नाडी बांधली, दुसऱ्या वेळी फोटो काढला, तिसऱ्या वेळी काही बहाणाच सुचला नाही. तेवढ्यात सत्तरीचे दोन आजोबा गप्पा मारत, न धापता, माझ्या शेजारून वर गेले. रोज येतात म्हणे. त्यामुळे माझ्याबाबतीत वयाला दोष देता येत नाही. दोष खुर्चीला, ऑफिसच्या.

फायदा एवढाच झाला की थांबत थांबत गेल्यामुळे लेणी पहिल्यांदा बघितली. मुलगी बुद्धमूर्तीसमोर बराच वेळ उभी होती. मी पण. मला दम घ्यायचा होता.

मारुती कुठपर्यंत?

1969 च्या पुरात मी सात वर्षांचा. वडिलांच्या खांद्यावर बसून पाणी बघितलं. सराफ बाजारात पाणी, गंगेच्या घाटावरची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती नाहीशी. मोठी माणसं 'मारुती बुडाला' एवढंच बोलायची, तेही हळू आवाजात. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत पाणी गेलं का, याच्यावर बाकीची चर्चा.

पुढे तरुणपणी दर पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही पळत जायचो. मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, अशी मोजणी. मला तर रविवार कारंजावरच वासावरून कळायचं. नव्या पाण्याला ओल्या मातीचा आणि कुजक्या पाल्याचा एक उग्र वास असतो.

पूर अजूनही येतो, मारुती तिथेच आहे. पण आता इंदिरानगरला राहतो, घाटावर पोलिसांचे अडथळे लावलेले असतात, आणि घरून परवानगी नाही. मुलगी जर्मनीत. नाशिकचा पाऊस तिला माझ्याआधी मोबाइलवर कळतो. फोन करून पहिला प्रश्न, "बाबा, मारुती कुठपर्यंत?" गेल्या खेपेला मी बातम्या न बघताच सांगून टाकलं, "छातीपर्यंत. आत्ताच बघून आलो." ती खूश झाली. नंतर बातम्यांत बघितलं, कमरेलाच होतं.

तिला अजून खरं सांगितलेलं नाही. इथे ती वाचत नसावी.

जुना तिवंधेकर

सगळ्यांचं दोनदा वाचलं. पासवाले, त्या वयस्कर गृहस्थांचं वाचून मला आठवलं, रहाडीच्या काठावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना आम्हीही मुद्दाम धप्प्याचं पाणी उडवायचो. त्यांच्यातले काही शिव्या द्यायचे, काही हलायचेच नाहीत. ते का हलत नव्हते ते आता कळलं. मलाही त्या पोराने मागे ओढायला नको होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या ताई, तुमचा टोला बसला. वाड्यातल्या गॅलऱ्या मला आठवतात, त्यांत कोण उभं असायचं ते आठवत नाही. वर बघितलंच नाही कधी. पुढच्या पंचमीला नातवाला खाली सोडून मी वर येऊ का? पासवाल्यांनाही आणतो, त्यांना पाचलाच जाग येते, माती काढण्यापासून सगळं बघता येईल.

तिसऱ्या मजल्यावरून

या की. पण चौघांच्या वर नको, गॅलरी लहान आहे. लिफ्ट पंचमीला बंद ठेवतात, रंगाने खराब होते म्हणून. गुडघ्याचं बघून या.

आणि जुने कपडे घालून या. वर आलात म्हणून कोरडे राहाल असं काही नाही. माझ्याकडे बादली आहे.