‘तलबुल इल्म’मधल्या ‘तलब’ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिका: मुलींच्या मदरशासाठी एक पुस्तिका मराठीत आणते आहे. त्यात इब्न माजा यांच्या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे, ‘तलबुल इल्मि फरीजतुन अला कुल्लि मुस्लिम’. मी लिहिलं, ‘इल्मची तलब प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे.’ संपादकांनी केलं, ‘ज्ञानप्राप्ती हे प्रत्येक मुस्लिम स्त्री-पुरुषाचे कर्तव्य आहे.’ प्राप्ती म्हणजे हाती आलेलं. मुळात मागे लागणं आहे. काय वापरू?

शुद्धमराठी: तलब चहा-तंबाखूची येते. धर्मवचनात ‘ज्ञानसाधना’ शोभेल.

रत्नागिरीकर: साधना म्हटलं की आसन घालून बसलेला माणूस दिसतो. इथे तर लोक वाटेला लागले! पैगंबरांचे साथीदार जाबिर बिन अब्दुल्ला एका हदीससाठी उंट विकत घेऊन महिनाभराच्या वाटेवर शामला, म्हणजे सीरियाकडे, गेले. ‘ज्ञानार्जन’ बघा, त्यात कष्टाची कमाई तरी आहे.

हाफिजांची लेक: ताई, ‘फर्ज’ अजिबात सोडू नका. कर्तव्य टाळलं तर लोक नावं ठेवतात, फर्ज टाळलं तर अल्लाहपुढे जाब द्यावा लागतो. इमाम गझालींनी वैद्यक आणि हिशेबसुद्धा फर्जे-किफायात धरले, म्हणजे गावात कुणीच ते शिकलं नाही तर दोष सगळ्यांवर. आणि ‘स्त्री-पुरुष’ मूळ वचनात नाही. ‘मुस्लिम’मध्ये बायका आल्याच, असं उलेमा सांगतात. तळटीप द्या, वचनात घालू नका.

शुद्धमराठी: फर्ज, इल्म, तलब… मग मराठी उरलं काय?

कोल्हापूरचा: दादा, ‘तालीम’ तुम्ही परकी म्हणणार का? इल्म आणि तालीम एकाच अरबी धातूचे. आमच्या गंगावेस तालमीत शड्डू ठोकणाऱ्याला कुणी ‘व्यायामशाळेत चाललास का’ विचारत नाही.

रत्नागिरीकर: गाण्याचीही तालीम असते, नाटकाचीही. शिकवणं हाच मूळ अर्थ टिकलाय.

शुद्धमराठी: तालीम शतकांपूर्वी रुळली. इल्म रुळलेला नाही.

हाफिजांची लेक: कुणाच्या घरात रुळलेला नाही? आमच्या घरात मराठीच बोलतात, आणि इल्मच म्हणतात.

अनुवादिका: ‘तलब’चं काय करू? उद्या छपाईला जायचंय.

कोल्हापूरचा: ताई, तालमीतल्या पोरालाही मेहनतीची तलबच येते. ठेवा तसंच.

शुद्धमराठी: मेहनतीची ‘ओढ’ लागते. तलब व्यसनाचीच.