चर्चच्या आवारातला दगडी खांब कशाचा?

मी कोथरूडची, मागच्या महिन्यात ताईकडे इंग्लंडला गेले होते तर तिथल्या जुन्या चर्चच्या आवारात चार पायऱ्यांवर एक दगडी खांब उभाय, वरचा क्रॉस तुटलेला, शेवाळ धरलेलं, कुणाची कबर आहे का ती?

↳ कबर नाही ओ, तो चर्चच्या आवारातला क्रॉसच. मध्ययुगात पाम संडेची (ईस्टरच्या आधीच्या रविवारची) मिरवणूक तिथे थांबायची, प्रवचनंही व्हायची. १६४३ मध्ये पार्लमेंटने असे क्रॉस पाडायचा हुकूमच काढला, कितीतरी क्रॉस गेले, फार वाईट वाटतं.

↳ इंग्लंडमधल्या कंब्रियातला गॉसफर्थचा क्रॉस बघाच! दहाव्या शतकातला, साधारण ४.४ मीटर उंच, एकाच दगडावर क्रुसावरचा येशू आणि बांधून ठेवलेला लोकी, म्हणजे नॉर्स पुराणकथांमधला कपटी देव.

↳ आपल्या वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारक दगडांची आठवण झाली, खाली लढाई, वर शिवलिंगाची पूजा. आमच्या गावी देवळामागे दोन आहेत, कृपया त्यांना ऑइलपेंट फासू नका.