चौकटीतला पत्रा पारखताना

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे चित्र आणि त्याखाली त्याच विमानाच्या पत्र्याचा तुकडा बसवलेली चौकट विकत घ्यावी का, या प्रश्नावर थोडे सांगतो. चित्राकडे नंतर पाहावे. आधी तुकड्याची हकिकत लेखी मागावी, म्हणजे विमान कोणते, त्याचा अनुक्रमांक काय आणि तुकडा कोठून व केव्हा मिळाला. ब्रिटनमध्ये कोसळलेल्या लष्करी विमानांचे अवशेष १९८६ च्या कायद्याने संरक्षित असून परवान्याशिवाय ते उकरता येत नाहीत, त्यामुळे ‘शेतात सापडला’ एवढे उत्तर मला तरी पुरेसे वाटत नाही. त्याच काळातल्या हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मागच्या धडावर लाकडी पट्ट्यांवर ताणलेले कापड असे. तिथला पत्रा म्हणून कोणी काही दाखवू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवावा. (नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ ही लढाऊ विमाने तयार झाली म्हणून नाशकात मिळणारा प्रत्येक जुना पत्रा मिगचा ठरत नाही, हेही जाता जाता.)

नाशिकरोडला एका स्नेह्यांकडे अशी चौकट आहे: पोस्टकार्डाच्या निम्म्याएवढा पत्रा, रिव्हेटची चार भोके, कडेला हिरवट प्रायमर. दोन पावसाळ्यांत लोखंडी स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमली, कारण ॲल्युमिनियमला लोखंडाचा स्पर्श आणि दमट हवा एकत्र मिळाली की ते झिजू लागते. स्क्रू काढून नायलॉनचे बसवले आणि मागे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवली. विमानातल्या जुन्या मापकाची तबकडी बसवलेली चौकट मात्र घरी उघडू नये; त्या काळी अंधारात चमकणाऱ्या आकड्यांच्या रंगात किरणोत्सर्गी रेडियम असे.