सेल्समनच्या हातात काय द्यायचं, नेटिव्ह अ‍ॅप की वेब अ‍ॅप?

बीटवाला (धागाकर्ता)

नुसतं "कोणतं चांगलं" विचारलं तर हा वाद कधीच मिटत नाही, म्हणून आधी चौकट सांगतो. नेटिव्ह म्हणजे खास अँड्रॉइडसाठी बनवून फोनवर टाकायचं अ‍ॅप, वेब म्हणजे ब्राउझरच्या जोरावर चालणारं. किराणा मालाचा मध्यम वितरक धरा. वीस-बावीस सेल्समन दुकानोदुकानी ऑर्डर घेतात. शिवाय चार गाड्यांवर व्हॅन सेल, म्हणजे माल, बिल आणि वसुली जागेवरच. सेल्समनमागे रोजची चाळीसेक दुकानं. काही बीट (सेल्समनच्या फेरीचे ठरलेले भाग) सांगली-कोल्हापूर शहरात, काही गगनबावडा, शाहूवाडी, पाटण भागात. फोन ज्याचे त्याचे, सगळे अँड्रॉइड, रॅम तीन-चार जीबी.

माझं मत: याला वेब अ‍ॅप पुरतं. सर्व्हिस वर्कर (रेंज नसतानाही पान चालवणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट), मॅनिफेस्ट (नाव-आयकॉन सांगणारी फाइल), एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) आणि होमस्क्रीनवर आयकॉन. नेटिव्ह करणं म्हणजे हौसेने खर्च वाढवणं.

मुख्य कारण स्कीम. डझनावर एक फ्री, अमुक पेट्यांच्या वर दीड टक्का जादा, हे दर महिन्याला बदलतं आणि कधीकधी महिन्याच्या मध्यातही. वेबवर सर्व्हरला बदल केला की सकाळी पहिल्यांदा अ‍ॅप उघडताच सगळ्यांकडे तोच हिशेब. प्ले स्टोअरचं आपोआप अपडेट बहुतेक फोनांत वायफायवरच होतं आणि निम्म्या पोरांच्या घरी वायफाय नाही. मग एकाच गावात दोन सेल्समन दोन वेगळे दर सांगतात.

दुसरं, स्टोअरची कटकट. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच, ते सोडा. पण टार्गेट एपीआय (अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलं तो क्रमांक) दरवर्षी वर सरकवावा लागतो. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवं अ‍ॅप किंवा अपडेट द्यायचं तर अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय ३५ लागतं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी (पूर्वी २० लागत). एका वितरकाच्या बावीस माणसांसाठी हे सगळं कशाला?

---

घाटरस्ता

शहरापुरतं मान्य. शाहूवाडीच्या बीटवर मात्र हे गोत्यात आणेल.

ब्राउझरमधली साठवण मुळात "जमलं तर ठेवू" या बोलीवर असते. फोन व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओंनी भरत आला की ब्राउझर जुन्या साइटचा डेटा स्वतःहून उडवू शकतो. त्यात सेल्समनने फोन हळू चालतोय म्हणून क्रोमचा ब्राउझिंग डेटा साफ केला की इंडेक्स्ड-डीबीतल्या (ब्राउझरच्या आतल्या साठवणीतल्या) न पाठवलेल्या तीस ऑर्डरी गेल्या. बरं, गेल्या हे कळतही नाही. तीन दिवसांनी दुकानदार ओरडतो तेव्हा कळतं.

नेटिव्हमध्ये एसक्यूलाइटची (फोनवरच्या छोट्या डेटाबेसची) फाइल अ‍ॅपच्या स्वतःच्या जागेत असते, ती कोणी जाता जाता साफ करत नाही. शिवाय वर्कमॅनेजर (अँड्रॉइडची मागच्या मागे कामं उरकणारी सोय) नेटवर्क आलं की अ‍ॅप बंद असतानाही डेटा ढकलतो. माणूस घाट उतरून मलकापुरात आला, फोन खिशातच, ऑर्डरी गोडाऊनला पोचल्या. रात्री माल भरायला लागणाऱ्या माणसाला याची किंमत विचारा.

---

बीटवाला

@घाटरस्ता, साठवणीचा मुद्दा अर्धाच सांगितलात. navigator.storage.persist() ही, डेटा आपोआप उडवू नको अशी, विनंती ब्राउझरला करता येते. क्रोम वापरकर्त्याला न विचारता स्वतःच ठरवतं आणि होमस्क्रीनवर इन्स्टॉल केलेल्या अ‍ॅपला बहुधा होकार देतं. उत्तर खरं की खोटं ते कोडमध्ये कळतं. खोटं आलं तर लाल पट्टी दाखवा. हाताने साफ करण्यापुढे इलाज नाही, पण सेटिंगमधून नेटिव्ह अ‍ॅपचा डेटा पुसला किंवा अ‍ॅपच काढून टाकलं की तुमची एसक्यूलाइटही जाते.

खरी शिस्त वेगळीच. सर्व्हरची पोच आल्याशिवाय ऑर्डर "झाली" असं दाखवायचंच नाही. न पाठवलेल्यांचा आकडा कायम डोळ्यासमोर, आणि तो शून्य झाल्याशिवाय "दिवस बंद" हे बटण चालू होणार नाही. प्रत्येक ऑर्डरचा यूयूआयडी (तिचा एकटीचा ओळखक्रमांक) फोनवरच तयार व्हावा आणि तोच यूयूआयडी दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी ऑर्डर न करता जुनीच पोच द्यावी. नाहीतर होतं असं: सर्व्हरने ऑर्डर घेतली, पोच येताना रेंज गेली, फोनने पुन्हा पाठवली, गाडीत दुप्पट पेट्या. हा घोटाळा नेटिव्हमध्येही तितकाच होतो. तारीखही सर्व्हरची धरा, फोनचं घड्याळ कोणीही मागे-पुढे करतो.

---

जुनाजाणता

फेसबुकनेसुद्धा २०१२ मध्ये एचटीएमएल ५ (वेब पानांचं तंत्र) सोडून नेटिव्ह धरलं. त्यांच्या झुकेरबर्गने एचटीएमएल ५ वर भिस्त ठेवणं ही कंपनीची मोठी चूक होती असं जाहीर सांगितलं होतं. आपण त्यांच्यापेक्षा शहाणे का?

---

बीटवाला

तेव्हा सर्व्हिस वर्कर ही चीजच नव्हती. आणि उलटा दाखला आपल्याच देशातला आहे. मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून "फक्त अ‍ॅप" केलं, २०१६ मध्ये वेब परत आणावं लागलं. फ्लिपकार्टने तर २०१५ मध्येच मोबाइलसाठी वेब अ‍ॅप काढलं. पण हे सगळं गिऱ्हाइकासाठीचं. आपल्याकडे वापरणारा पगारी माणूस आहे, "इन्स्टॉल कर" म्हटलं की करतो. त्यामुळे दोन्हीकडचे दाखले बाजूला ठेवलेले बरे.

---

थर्मलबाबा

सगळे साठवणीवर भांडताय, प्रिंटरचं कोणीच बोलत नाही. व्हॅन सेलचा निकाल तिथेच लागतो.

बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ थर्मल प्रिंटर बहुतेक जुन्या क्लासिक ब्लूटूथवर, एसपीपीने (त्यातल्या सिरियल पोर्टच्या पद्धतीने) चालतात. क्रोममधलं वेब ब्लूटूथ बोलतं फक्त बीएलई, म्हणजे कमी वीज खाणारं नवं ब्लूटूथ. म्हणजे प्रिंटर फोनच्या सेटिंगमध्ये "पेअर्ड" दिसेल आणि वेब ब्लूटूथ वापरणाऱ्या वेब अ‍ॅपच्या यादीत येणारच नाही. पोरगं म्हणेल प्रिंटर बिघडला, दुकानदार म्हणेल बदलून घ्या, आणि बिघडलेलं काहीच नसतं.

बीएलईवाला घेतला तरी पुढचं ऐका. बिलावर मराठी हवी ना? अशा स्वस्त ईएससी-पीओएस (बिल छापायच्या हुकुमांची रूढ भाषा) प्रिंटरच्या पोटात बहुधा देवनागरी अक्षरं नसतात. मराठी मजकूर पाठवला की प्रश्नचिन्हं नाहीतर चिनी अक्षरं छापतो. इलाज एकच, बिल चित्र म्हणून पाठवायचं. ५८ मिमी कागदावर छपाईची रुंदी ४८ मिमी, मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ओळीला ३८४ ठिपके, ४८ बाइट. दहा सेंटीमीटरचं बिल ८०० ओळी, म्हणजे ३८,४०० बाइट. बीएलईत एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) वाढवून मिळाला नाही तर एका वेळी २० बाइट जातात. झाली १,९२० पाकिटं. एकाला ३० मिलिसेकंद धरले तरी एका बिलाला मिनिटभर. घाई करून पटापट ढकलली की प्रिंटरचा बफर भरतो आणि अर्ध्या बिलानंतर कचरा छापतो. शिवाय पान नव्याने उघडलं की प्रिंटर पुन्हा यादीतून निवडायचा. नेटिव्हमधून एसपीपीवर हेच बिल काही सेकंदांत निघतं आणि प्रिंटर लक्षात राहतो.

मधला मार्ग म्हणजे छपाईचं वेगळं अ‍ॅप फोनवर टाकून वेब अ‍ॅपने बिल त्याच्याकडे सोपवायचं. चालतं. पण मग नेटिव्ह अ‍ॅप आलंच की, फक्त दुसऱ्याचं.

---

खातेवही

थर्मलबाबांच्या प्रतिसादाला +१. बिलाच्या कायदेशीर बाजूबद्दल लिहितो, कारण "ऑफलाइन बिल" हा शब्द इथे फार सहज वापरला जात आहे.

जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. रेंज नसताना चार गाड्या एकाच मालिकेतले क्रमांक देऊ लागल्या की दोन बिलांना एकच क्रमांक पडणार. एकापेक्षा जास्त मालिका चालतात. त्यामुळे प्रत्येक गाडीला स्वतंत्र मालिका द्यावी, उदाहरणार्थ व्ही३/२५२६/००४१७. मालिका गाडीला बांधावी, फोनला नाही. फोन फुटला तर नव्या फोनने शेवटचा क्रमांक सर्व्हरकडून घ्यावा, आणि जुन्या फोनमधली न पोचलेली बिले हाती आल्याशिवाय पुढचा क्रमांक देऊ नये.

आता महत्त्वाचे. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत दुकानदाराच्या बिलाला ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) बंधनकारक आहे. पोर्टलवरून आयआरएन (त्या नोंदीचा क्रमांक) आल्याशिवाय ते कायद्याने बिलच नव्हे. म्हणजे जीएसटी क्रमांक असलेल्या दुकानाला रेंज नसताना बिल देता येत नाही; अ‍ॅप नेटिव्ह असो वा वेब. अशा ठिकाणी डिलिव्हरी चलन द्यावे व बिल रेंजमध्ये आल्यावर करावे. जीएसटी क्रमांक नसलेल्या दुकानांची बिले ऑफलाइन होऊ शकतात. दुकानांच्या मास्टरमध्ये (मूळ यादीत) हा फरक नीट भरलेला नसेल तर कोणतेही तंत्र वाचवणार नाही.

आणखी एक. ई-इनव्हॉइसच्या क्यूआर कोडमध्ये सही केलेला लांब मजकूर असतो, त्यामुळे तो फार दाट होतो. रुंदीत सुमारे शंभर चौकोन धरले तर ३८४ ठिपक्यांच्या कागदावर चौकोनाला जेमतेम तीन ठिपके येतात. ८० मिमी कागदावर ५७६ ठिपके, म्हणजे पाच. व्हॅनसाठी ८० मिमीच घ्यावा.

---

घाटरस्ता

म्हणजे गाड्यांना नेटिव्ह हे ठरलं. आता मालकाचा आवडता विषय घ्या, "पोरं कुठे फिरतात ते दिसलं पाहिजे." वेब अ‍ॅपला स्क्रीन बंद झाल्यावर लोकेशन मिळत नाही. विषय संपला.

---

बीटवाला

संपला कसा? नेटिव्हमध्ये ते मिळवायला काय करावं लागतं तेही लिहा. अँड्रॉइड १० पासून पार्श्वभूमीतल्या लोकेशनची परवानगी वेगळी, ११ पासून ती साध्या खिडकीत मिळत नाही, सेटिंगमध्ये जाऊन "नेहमी" निवडावं लागतं. प्ले स्टोअरला कारणासह जाहीरनामा आणि व्हिडिओ द्यायचा. अँड्रॉइड १४ पासून फोरग्राउंड सर्व्हिसचा (सूचना दाखवत चालू राहणाऱ्या कामाचा) प्रकारही घोषित करायचा. इतकं करून काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली सर्व्हिस मारून टाकतात. मग प्रत्येक फोनवर ऑटोस्टार्ट चालू आणि बॅटरीचं बंधन बंद, हे हाताने करत बसा. एवढं करून नकाशावर तुटक रेषा मिळते आणि रोज संध्याकाळी "तू दोन ते चार कुठे होतास" ही भांडणं.

ऑर्डर नोंदवताना एकदा लोकेशन घ्या, दुकानाच्या नोंदलेल्या जागेपासूनचं अंतर सोबत ठेवा. हे वेबवर व्यवस्थित होतं. बाजारपेठेच्या बोळात जीपीएस तीस-चाळीस मीटर इकडे-तिकडे होतं, म्हणून मर्यादा शंभर मीटर ठेवा, आणि बाहेर असेल तर ऑर्डर अडवू नका, फक्त खूण करा.

---

घाटरस्ता

खोट्या लोकेशनचं अ‍ॅप टाकलं तर? नेटिव्हला isMock(), म्हणजे हे लोकेशन बनावट आहे का, विचारता येतं, ब्राउझरला कळायची सोय नाही. घरी बसून चाळीस दुकानं "फिरलेला" सेल्समन तुमच्या वेब अ‍ॅपला आदर्श कर्मचारी वाटेल.

---

बीटवाला

हा मुद्दा बिनतोड आहे. माझ्या मते त्याला दुकानाच्या पाटीचा फोटो आणि लागोपाठच्या दोन ऑर्डरींमधली वेळ पुरते. चार मिनिटांत सहा दुकानं झाली तर हिशेब आपोआप दिसतो. फोटो मात्र फोनवरच १२८० पिक्सेलपर्यंत लहान करून पाठवा. मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो, घाटात तो जात नाही आणि त्याच्यामागे ऑर्डरी अडकतात. ऑर्डरींची रांग वेगळी, फोटोंची वेगळी.

---

कॅपॅसिटरकर

दोघेही एक पर्याय टाळताय. कॅपॅसिटर घ्या, म्हणजे वेब अ‍ॅपला नेटिव्ह वेष्टन देणारं साधन. आत तुमचंच वेब अ‍ॅप वेबव्ह्यूमध्ये (अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझर-खिडकीत), आणि प्रिंटर, एसक्यूलाइट, लोकेशन यांना नेटिव्ह प्लगइन (जोड-तुकडे). स्कीमचे नियम कोडमध्ये लिहूच नका, सर्व्हरवरून डेटा म्हणून आणा. मग दरांसाठी अपडेटची वाट बघावी लागत नाही आणि बीटवाल्यांचा पहिला मुद्दाच उरत नाही.

ट्रस्टेड वेब अ‍ॅक्टिव्हिटीने (वेब अ‍ॅप प्ले स्टोअरवर ठेवायच्या वेष्टनाने) हेच होईल असं समजू नका. आत क्रोमच असतो, वेब ब्लूटूथला एसपीपी प्रिंटर तिथेही दिसणार नाही. तिचा उपयोग प्ले स्टोअरवर असण्यापुरता. त्यातही नेहमीची फसगत: अ‍ॅपच्या डोक्यावर यूआरएलची पट्टी दिसत राहते. कारण assetlinks.json मध्ये (साइट आणि अ‍ॅप एकाचेच हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) लोक आपल्या अपलोड कीचा (अ‍ॅप चढवताना वापरलेल्या सहीच्या किल्लीचा) एसएचए-२५६ ठसा टाकतात. हवा असतो प्ले कन्सोलमधल्या अ‍ॅप सायनिंग कीचा.

---

बीटवाला

चार गाड्यांना कॅपॅसिटर चालेल. बावीस सेल्समनना तरीही वेबच. तिथे प्रिंटर नाही, बिल नाही.

---

कॅपॅसिटरकर

मग चाचणी दोनदा, तक्रारी दोन प्रकारच्या, आणि सेल्समन रजेवर असताना व्हॅनवाला त्याच्या बीटवर गेला की तिसराच गोंधळ. एकच अ‍ॅप ठेवा, लॉगिनच्या भूमिकेप्रमाणे बटणं दाखवा.

---

घाटरस्ता

मी अजूनही पूर्ण नेटिव्हच्या बाजूने. तीन जीबीच्या फोनवर वेबव्ह्यूमध्ये तीन हजार वस्तूंची यादी सरकवून बघा, मग बोलू.

---

बीटवाला

तीन हजार ओळी एकदम काढल्या तर नेटिव्हही रडेल. पडद्यावर दिसणाऱ्या वीस-पंचवीसच काढायच्या असतात. चला, वादापेक्षा चाचणी लावा. जो कोणी करून देणार आहे त्याला पैसे देण्याआधी सर्वात जुन्या फोनवर एवढं करायला सांगा: रेंज असताना लॉगिन, मग विमान मोड, दहा ऑर्डरी. अ‍ॅप जबरदस्तीने बंद. फोन बंद करून चालू. अ‍ॅप उघडल्यावर दहाच्या दहा दिसल्या पाहिजेत. मग विमान मोड काढून पाठवणं सुरू होताच पुन्हा लावा, असं तीन-चारदा. शेवटी सर्व्हरवर दहाच हव्यात, नऊ नाहीत आणि अकराही नाहीत.

---

थर्मलबाबा

त्यात प्रिंटरही जोडा. लागोपाठ पंधरा बिलं, सगळी मराठीत, आणि शेवटची पाच बॅटरी उतरल्यावर. बॅटरी कमी झाली की हेड नीट तापत नाही, छपाई फिकट होते आणि सगळ्यात आधी क्यूआर वाचायचा बंद होतो. नमुन्याचा प्रिंटर विक्रेत्याच्या टेबलावरचा नको, जो मॉडेल नंबर घेणार तोच मागवा. सारख्याच दिसणाऱ्या खोक्यात एक एसपीपी निघतो, दुसरा बीएलई.