इंजिन बांधल्यापासून तापमानाचा काटा सपाटीला ६० च्या वर जात नाही (टाटा १६१३, ६बीटी) – मदत हवी आहे

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. गाडी टाटा १६१३, इंजिन ५.९ लिटरचं ६बीटी टर्बो. फुल इंजिन काम झालंय: बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, हेडची सीट कटिंग. त्याच वेळी रेडिएटर खोलून रॉडिंगही (नळ्यांत सळी घालून सफाई) केलं. त्यानंतर १,४०० किमी चालली आहे.

रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर काटा ५५ ते ६०. नऊ टन माल घेऊन पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला ७०-७२ पर्यंत जातो आणि उताराला लागलं की पाच मिनिटांत परत ५५. कामाआधी ८५ वर असायचा. सकाळी दहा-पंधरा मिनिटं पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा. अॅव्हरेज ५.२ वरून ४.६ वर आलंय. डिपस्टिकवर ऑइल कमी होत नाही, उलट तीन-चार मिमी वर दिसतंय.

फिटर म्हणतो, तापत नाही ना, मग चांगलंच आहे. मला पटत नाही. कुठून सुरुवात करू? रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून चालवू का?

पाना_बारा_तेरा:
पुठ्ठा नको. दोष झाकला जाईल आणि चढाला एखाद्या दिवशी उकळेल.

तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. या इंजिनाला सतत ६० अंशांखाली चालवणं नुकसानीचं, असं मॅन्युअलमध्येच आहे. थंड बोअरमध्ये डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं डिझेल बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन संपात, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. नव्या रिंगा तर अजून बसायच्या आहेत. त्यांना लोड आणि उष्णता दोन्ही लागतं, नाहीतर बोअरला ग्लेझ (गुळगुळीत चकाकता थर) धरतो. तुमचा झोंबणारा धूर आणि वर आलेलं ऑइल दोन्ही त्यातलंच असू शकतं.

पण सगळ्यात आधी ठरवा: इंजिन थंड आहे की नुसता काटा थंड आहे?

सेंडर (पाण्याचं तापमान मीटरला कळवणारा) एका वायरचा असेल तर त्याची अर्थिंग चुडीतून (आट्यांतून) हेडला मिळते. इंजिन बांधताना सेंडरला टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली, किंवा हेडला रंग मारताना चुडीवर रंग गेला, की अर्थिंग कच्ची होते. सेंडर गरम होतो तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. अर्थिंगमध्ये जादा रेझिस्टन्स आला की मीटरला वाटतं पाणी थंड आहे. इंजिन ते चासी अर्थ पट्टी परत लावायची राहिली असेल तरी हाच प्रकार. जंप वायरचं एक टोक सेंडरच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला धरा. काटा वर सरकला तर दोष तिथेच.

दुसरी शक्यता जास्त वाईट. सेंडरपाशी हवा अडकली असेल तर सेंडर पाण्यात नसतो, काटा खाली राहतो आणि इंजिन मात्र खरोखर तापलेलं असतं. गार इंजिनवर रेडिएटरची टोपी उघडून लेव्हल पाहा आणि एअर काढा.

मग इन्फ्रारेड गननं थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) हाउसिंगचं तापमान मापा. चकचकीत अॅल्युमिनियमवर गन कमी दाखवते, म्हणून तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मापा.

डबल_क्लच:
फॅन बघा आधी. कामाच्या वेळी व्हिस्कस (गरजेपुरताच जोरात फिरणारा फॅन) काढून सतत फिरणारा डायरेक्ट फॅन बसवला असेल. थंडीच्या दिवसांत डायरेक्ट फॅन म्हणजे इंजिन गार पडणारच.

लोखंडी_पूल:
डबल क्लच भाऊ, अर्धं बरोबर. फॅन रेडिएटरमधलं पाणी गार करतो. थर्मोस्टॅट नीट बंद असेल तर ते गार पाणी इंजिनात येतच नाही, बायपासमधून ब्लॉकचं पाणी ब्लॉकमध्येच फिरतं. डायरेक्ट फॅननं डिझेल जास्त जाईल, आवाज होईल, पण एकटा फॅन काटा ५५ वर आणू शकत नाही. मात्र थर्मोस्टॅट गळत असेल तर फॅन त्यात भर घालतो. क्रम असा: मीटर, मग थर्मोस्टॅट, मग फॅन.

कृष्णाकाठ, एक फुकटातली टेस्ट. सकाळी गार इंजिन चालू करा, १,२०० आरपीएमला ठेवा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाणी ८० च्या आसपास येईपर्यंत पाइप गारच राहतो, मग थोड्या वेळात चटका बसण्याइतका तापतो. पहिल्या मिनिटांपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर पाणी थर्मोस्टॅट चुकवून जातंय. हात ठेवताना फॅन आणि बेल्ट सांभाळा.

आयडलवर किती तापते यावरून मात्र काही ठरवू नका. मोठं डिझेल इंजिन थंडीत नुसत्या आयडलवर, सगळं ठीक असतानाही, पुरतं तापत नाही.

कृष्णाकाठ:
करून पाहिलं. अर्थिंग ठीक, जंप वायरनं काटा हलला नाही. लेव्हल पूर्ण, हवा नाही. रस्त्यावरून आल्या आल्या मीटर ५८, काळ्या टेपवर गन ६३. म्हणजे इंजिनच थंड आहे.

वरचा पाइप तिसऱ्या मिनिटाला कोमट झाला. म्हणून थर्मोस्टॅट काढला. त्यावर ८३ चा शिक्का आहे. पातेल्यात पाणी, थर्मामीटर आणि थर्मोस्टॅट टाकून गरम केलं. ८३-८४ ला उघडायला लागला, ९५ ला पूर्ण. थर्मोस्टॅट तर पास झाला! आता काय?

लोखंडी_पूल:
उघडतो कधी हे पाहिलंत. बंद होतो का हे पाहिलंत का?

गार थर्मोस्टॅट बल्बच्या उजेडासमोर धरा. व्हॉल्व्हच्या कडेनं उजेडाची चंद्रकोर दिसते का? बारीक हवा निघायला काहींना एक छोटं भोक आणि त्यात डुलणारी पिन असते, ती चालते. कडेची फट चालत नाही. पातेल्याची टेस्ट अशी करा: गार असताना व्हॉल्व्हच्या फटीत दोरा अडकवून त्या दोऱ्यानंच थर्मोस्टॅट टांगा, तळाला टेकू देऊ नका. उघडला की दोरा सुटून खाली पडतो. मुळातच फट असेल तर दोरा गारमध्येच अडकणार नाही.

पाना_बारा_तेरा:
आणि बाहेरची कड बघा. थर्मोस्टॅटच्या कडेला रबरी सील असते. इंजिन बांधताना जुनी सील घाणीबरोबर टाकून देतात आणि नुसत्या पॅकिंगवर सिलिकॉन फासून हाउसिंग आवळतात. बाहेर थेंबही गळत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. आतून मात्र पाणी थर्मोस्टॅटच्या बाजूनं थेट रेडिएटरला जातं. तो भांड्यात पास आणि गाडीत नापास, याचं हे नेहमीचं कारण.

कामाआधी ८५ कसा होता, तेही बहुतेक सुटतं. तेव्हा रेडिएटर अर्धा चोक असणार. थोडं पाणी चुकून गेलं तरी तिकडे फारसं गार होत नव्हतं. रॉडिंग झाल्यावर रेडिएटर पूर्ण कामाला लागला आणि तेवढीच गळती आता जड जाते. म्हणून रॉडिंगला दोष देऊ नका.

कृष्णाकाठ:
दोन्ही निघालं! सील नव्हतीच. आणि व्हॉल्व्हच्या सीटवर निळ्या सिलिकॉनचा तुकडा चिकटलेला, उजेडात दीड-दोन मिमी फट दिसते. पातेल्यात टाकताना नजरेतून सुटला. थर्मोस्टॅट साफ करून परत वापरू की नवा घेऊ?

लोखंडी_पूल:
नवाच घ्या, ८३ चाच. दुकानदार ७१ चा देईल, 'गाडी गार राहते' म्हणून. घेऊ नका. सीलही नवी. हेडचा आणि हाउसिंगचा चेहरा ब्लेडनं हलकेच खरवडून साफ करा, आधी भोकात चिंधी कोंबून ठेवा, नाहीतर कचरा परत आतच जाईल. सिलिकॉन अजिबात नको, पॅकिंग कोरडं पुरतं. बोल्ट २४ न्यूटन मीटरला. नुसत्या हातानं ओढून अॅल्युमिनियमचं हाउसिंग वाकवू नका. सिलिकॉनचे आणखी तुकडे रेडिएटरच्या वरच्या टाकीत असू शकतात, पाइप काढलाच आहे तर बोट फिरवून बघा.

कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं. हळू ओता, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवा. वरून हवा निघू द्या, दोन-तीन मिनिटं थांबून परत लेव्हल करा.

कृष्णाकाठ:
बसवला. रिकाम्या गाडीला ८३-८४, खंबाटकीला त्याच लोडवर ८८. सकाळचा धूर चार मिनिटांत संपतो. वरचा पाइप आता बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. ऑइलचं काय करू?

पाना_बारा_तेरा:
ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, किलोमीटर मोजत बसू नका. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं आणि नव्या बेअरिंगांना ते परवडणार नाही. काढलेल्याचा वास घ्या. थेंबभर तापलेल्या तव्यावर टाका. तडतडला तर पाणी आहे आणि मग हेड गॅस्केट, ऑइल कूलर तपासावं लागेल.

नवीन ऑइल भरून डिपस्टिकवर खूण करा. ५०० किमीनंतर पातळी तिथेच किंवा थोडी खाली असेल तर डिझेल थंडपणामुळेच येत होतं. तरीही चढली तर डिझेल दुसरीकडून येतंय: इंजेक्शन पंपाच्या शाफ्टची सील किंवा फीड पंप. दोन्ही ठिकाणचं गळकं डिझेल संपात जाऊ शकतं, बाहेर काही दिसत नाही.

डबल_क्लच:
आणि गाडी तासन् तास आयडलवर ठेवू नका. चांगला माल भरा, मध्यम आरपीएमला चढ चढवा. रिंगा तेव्हाच बसतील. ब्रीदरची (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी) फुंकर आता हातावर अजमावून ठेवा, हजार किलोमीटरनंतर परत बघा. कमी झाली तर रिंगा बसताहेत. नाही झाली तर ग्लेझ धरलेला आहे, मग कॉम्प्रेशन घ्या.

कृष्णाकाठ:
आभारी आहे मंडळी. ऑइल आजच बदललं. जुन्याला डिझेलचा वास स्पष्ट होता, तव्यावर तडतडलं नाही. डिपस्टिकवर खूण केली आहे. मोजताना काही पथ्य?

पाना_बारा_तेरा:
दर वेळी तीच सपाट जागा, इंजिन बंद करून पंधरा मिनिटांनी. उतारावर उभी करून मोजलीत तर तीन मिमी फसाल.