सरगॅसममधलं स्टेरॉल: लायब्ररी म्हणते स्टिग्मास्टेरॉल, मानायचं का?

शैवालप्रेमी:
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टला गोव्यात हणजूणच्या खडकांवरचं सरगॅसम हे तपकिरी समुद्री शेवाळ घेतलंय. ओहोटीला खुडून आणलं, सावलीत वाळवलं, मेथॅनॉलमध्ये भिजत टाकलं, मग हेक्झेनमध्ये उतरलेला भाग सिलिकाच्या कॉलमवर हेक्झेन-इथाईल अ‍ॅसिटेटने चालवला तर एका फ्रॅक्शनमध्ये सुईसारखे पांढरे स्फटिक पडलेत, इतके सुंदर की बघत राहावं. लिबरमन-बर्चर्ड टेस्टला (स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातली संयुगं ओळखायची) हिरवा रंग आला. जीसी-एमएसला (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) मॉलिक्युलर आयन, म्हणजे अख्ख्या रेणूचं वस्तुमान, ४१२ आणि यंत्रातल्या स्पेक्ट्रम लायब्ररीने सरळ स्टिग्मास्टेरॉल सांगितलं. गाईड म्हणतात लिहून टाक, पण मला पटत नाहीये, एनएमआरला (रेणूची रचना दाखवणारी तपासणी) पाठवायच्या आधी अजून काय बघू?

कॉलमवाला:
एवढ्यात लिहू नकोस. ४१२ म्हणजे सी२९एच४८ओ, आणि फ्युकोस्टेरॉलचं सूत्रही तेच आहे. तपकिरी शेवाळात मुख्य स्टेरॉल बहुतेक वेळा फ्युकोस्टेरॉलच असतं, स्टिग्मास्टेरॉल जास्त करून जमिनीवरच्या झाडांत. हिरव्या रंगावरून स्टेरॉल आहे एवढंच कळतं, कुठलं ते नाही.
स्पेक्ट्रम स्वतः उघड आणि ३१४ चा पीक बघ. फ्युकोस्टेरॉलच्या बाजूच्या साखळीत २४ आणि २८ नंबरच्या कार्बनमध्ये डबल बाँड असतो, त्यामुळे मॅकलॅफर्टी (रेणू ठरावीक जागी तुटायची क्रिया) होऊन ९८ चा तुकडा सुटतो, ४१२ वजा ९८ म्हणजे ३१४, आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात उंच पीक असतो. स्टिग्मास्टेरॉलचा डबल बाँड २२-२३ वर, तिथे ८३, २५५, २७१, ३०० असं दिसतं. नमुन्याचं टीएमएस (ओएचवर सिलिकॉनचा गट चढवलेलं रूप) केलं असशील तर ४८४ आणि ३८६ शोध.

शैवालप्रेमी:
दादा, ३१४ आहे आणि तोच सगळ्यात उंच!! मग फ्युकोस्टेरॉल नक्की धरू?

प्रोटॉन_पेडणे:
अजून एक अडचण आहे, आयसोफ्युकोस्टेरॉल. त्याच डबल बाँडची ई-झेड जोडी (फक्त बाँडवरच्या गटांच्या बाजू उलट), मास स्पेक्ट्रम जवळपास तसाच, म्हणून एनएमआर हवाच. क्लोरोफॉर्म-डी मध्ये घे. ५.३५ आणि ३.५२ पीपीएमचा सिग्नल बघून लगेच खूश होऊ नका, ते कोलेस्टेरॉललाही येतात. खरी खूण २५ नंबरच्या हायड्रोजनची, आयसोमध्ये तो २.८३ च्या आसपास सेप्टेट (सात टोकांचा सिग्नल) म्हणून एकटा बाहेर उभा असतो, फ्युकोस्टेरॉलमध्ये २.२ जवळ बाकीच्या गर्दीत. कार्बन एनएमआर मिळत असेल तर फारच उत्तम, सी-२५ फ्युकोमध्ये ३४.८ आणि आयसोमध्ये २८.६, इतका फरक असल्यावर वादच राहत नाही. आणि स्टिग्मास्टेरॉल असतं तर ५.०२ आणि ५.१५ ला दोन डबल-डबलेट (चार टोकांचे सिग्नल) दिसले असते.
हे एवढ्यासाठी सांगतोय की आयसो अल्व्हा या हिरव्या समुद्री शेवाळात असतं आणि हणजूणला सरगॅसमच्या बुडाशी अल्व्हाचे तुकडे हमखास गुंतून येतात. पुढच्या वेळी ट्रेमध्ये समुद्राचंच पाणी घेऊन एकेक फांदी हाताने निवड, कंटाळवाणं आहे पण त्याला पर्याय नाही. एक फांदी दाबून हर्बेरियम शीटवर ठेव, जात नक्की केल्याशिवाय नुसतं सरगॅसम लिहून कोणी ऐकून घेत नाही.

दोनापावलाकर:
वरच्या दोघांशी सहमत. माझ्याकडून दोनच गोष्टी. एक, १४९ चा पीक दिसला तर तो शेवाळातला नाही, प्लास्टिकमधलं थॅलेट आहे, अर्क काचेतच ठेव आणि सॉल्व्हंट नुसतंच आटवून ब्लँक (शेवाळ नसलेला नमुना) चालव. दुसरी जास्त महत्त्वाची: वाळवलेलं शेवाळ हवेत खूप दिवस पडून राहिलं की फ्युकोस्टेरॉलचं ऑक्सिडेशन होतं आणि सॅरिंगोस्टेरॉल बनतं, मास ४२८. कॉलममध्ये ते नंतर, जास्त पोलर फ्रॅक्शनमध्ये उतरेल. ते दिसलं तर शेवाळानेच बनवलंय असं लगेच लिहू नकोस, थोडं ताजं शेवाळ आणल्याआणल्या मेथॅनॉलमध्ये टाक आणि दोन्ही अर्क एकाच टीएलसी प्लेटवर (पातळ थरावर घटक वेगळे करायची पट्टी) शेजारी शेजारी चालवून बघ.